कारुआरूच्या बाजारातला ‘जुना’ बैल आणि अर्धी काळी स्क्रीन

ब्राझीलला येणारे आपले लोक बहुतेक रिओ आणि साओ पाउलो करून परततात. पण ईशान्येकडच्या रेसिफे शहरात नोकरीनिमित्त राहणारी काही मराठी घरं आहेत आणि त्यांच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा कधी ना कधी कारुआरूला नेला जातो. मलाही ताई आणि भावोजी घेऊन गेले. तुम्हीही जा, जरूर जा. मात्र तिथे कार्ड बाहेर काढण्याआधी हे वाचा.

कारुआरू रेसिफेपासून बीआर-२३२ महामार्गाने साधारण १३० किलोमीटरवर, पेर्नांबुको राज्याच्या आतल्या भागात आहे. इथला बाजार इतका मोठा आणि जुना, की २००६ साली ब्राझील सरकारने त्याची राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. पार्के १८ दे मायो नावाच्या मैदानात तो भरतो. एकीकडे कपड्यांची घाऊक पेठ, दुसरीकडे झाडपाला आणि मुळ्या विकणारे, चामड्याच्या टोप्या, खाटा, भांडी, पिंजरे आणि यात कुठेतरी मातीच्या बाहुल्यांची रांग. जूनमध्ये साओ जोआवचा उत्सव असतो. त्या महिन्यात रात्रभर फोरो हे तिथलं नाचाचं संगीत वाजतं, हॉटेलांचे भाव चढतात आणि बाहेरून माणसांचे लोंढे येतात. आम्ही त्याच गर्दीत होतो.

बाहुल्यांचं मूळ शहरापासून सात किलोमीटरवर, आल्तो दो मौरा या कुंभारवस्तीत आहे. या बाहुल्यांना नाव मिळवून देणारे कुंभार मेस्त्रे (म्हणजे उस्ताद) वितालिनो (१९०९–१९६३) पुढे तिथेच राहिले. आई मडकी-भांडी करायची, उरलेल्या मातीतून हा पोरगा बैल आणि घोडे वळायचा. आमच्या कोल्हापूरकडे बेंदराला करतात तसेच. पुढे त्याने दुष्काळात गाव सोडून निघालेली कुटुंबं, बासरीवाल्यांचा ताफा, नवरा-नवरी, लांपियाव दरोडेखोर असं सगळं आयुष्य मातीत उभं केलं. आजही वस्तीत त्याच्या घराण्यातली आणि शेजारपाजारची मंडळी हेच विषय घडवतात. त्यात लपवाछपवी नाही. वितालिनोने स्वतःही आपल्या बाहुल्यांच्या नकला इतरांना करू दिल्या.

फसवणूक याच खऱ्या गोष्टीवर उभी आहे.

बाजारात ताई एका गाळ्यावर वितालिनोबद्दल विचारत होती. शेजारी उभा असलेला पन्नाशीचा माणूस हसून बोलायला लागला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात फोटो असलेलं ओळखपत्र, मोडकं पण कळण्यासारखं इंग्रजी. म्हणाला, उत्सवामुळे आल्तो दो मौरातल्या कार्यशाळा आज बंद आहेत, पण मी त्याच घराण्यातला, जुन्या वस्तू इथे जवळच ठेवल्या आहेत. (कार्यशाळा बंद असणं हे धादांत खोटं. जून हा त्या वस्तीचा कमाईचा महिना.)

दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत त्याने पेटी उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला बैल, धुरकट, एका शिंगाचा टवका गेलेला. सोबत शिक्का मारलेलं प्रमाणपत्र: हा खुद्द मेस्त्रेच्या हातचा. किंमत १,५०० रेआल.

भावोजी माझ्या कानात म्हणाले, “वितालिनोचा असता तर संग्रहालयात असता, पेटीत नाही.”

“अरे, नसेना का,” ताई म्हणाली, “बैल गोड आहे. दोनशेला दिला तर घेऊ.”

घासाघीस झाली. तो कळवळला, आईचं नाव काढलं आणि शेवटी २४० वर आला. आपल्याकडचे जेमतेम चार हजार रुपये. आम्ही खूश. आणि माझ्या मते सगळा डाव इथेच होता. बैलाबद्दलचं खोटं आपण ओळखावं यासाठीच ते बोललेलं असतं. ते ओळखलं की माणूस निर्धास्त होतो, भाव पाडला की आणखी निर्धास्त. खरी चोरी त्यानंतर सुरू होते.

रोख घ्यायला तो तयार नव्हता. गर्दीत चोऱ्या होतात, घरात पैसे ठेवत नाही म्हणाला. ब्राझीलमध्ये हे पटण्यासारखं आहे, कारण २०२० पासून तिथे पिक्सवर सगळे व्यवहार चालतात, अगदी आपल्या यूपीआयसारखे. पण त्याला तिथलं बँक खातं लागतं. पाहुण्याकडे उरतं कार्ड. त्याने मशीन काढलं. काचेला तडा, उजवी अर्धी बाजू काळी, वरून चिकटपट्टी. त्याच क्षणी एक मुलगा खोका आणि पेंढा घेऊन आला, ताईला बैलाचे पाय धरायला लावले, भावोजींना दोरीचं टोक. मशीन माझ्यासमोर. तिथे रक्कम लिहिताना हजारानंतर टिंब आणि पैशांआधी स्वल्पविराम येतो. २,४०० रेआल म्हणजे “२.४००,००”. उजवा भाग काळा असेल तर नजरेला दिसतात फक्त दोन, चार आणि शून्य. पिन टाकला, मंजुरीची शिट्टी वाजली. पावतीचा कागद संपलेला होता, व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला.

माझं भारतीय सिम रोमिंगवर नव्हतं, त्यामुळे मेसेज आलाच नाही. हॉटेलच्या वायफायवर बँकेचं ॲप उघडलं तेव्हा अडतीस हजारांच्या आसपास गेलेले दिसले. घेणाऱ्याचं नाव मोबाइलच्या दुकानासारखं काहीतरी.

सकाळी त्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, उत्सवात ती रोजाच्या भाड्याने जाते. तिथून आम्ही आल्तो दो मौराला गेलो. एका कुंभारीण बाईंनी बैल उलटा केला आणि पोटाखालची बारीक रेघ दाखवली: साच्यातला आहे, वर काळं पॉलिश चोळलंय. मग स्वतःच्या फळीवरचा बैल उचलून बुडावर कोरलेलं स्वतःचं नाव दाखवलं. तो चाळीस रेआलला होता.

पोलिसांकडे तक्रार नोंदवणं सोपं गेलं, कारण ताईकडे तिथला सीपीएफ क्रमांक (आपल्या पॅनसारखा करदाता क्रमांक) होता आणि पोर्तुगीज बोलायला भावोजी होते. एकट्या पर्यटकाला हे जड जाईल. बँकेचं उत्तर मात्र सरळ होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांत तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाला संरक्षण मिळतं, पण ते त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहाराला. इथे चिप आणि पिन दोन्ही माझेच. रक्कम वेगळी ठरली होती हे दाखवायचं तर पावती हवी आणि पावती तर नव्हतीच. तक्रार अजून “प्रक्रियेत” आहे.

तडकलेली किंवा चिकटपट्टी लावलेली स्क्रीन दिसली तर व्यवहार तिथेच सोडा, वस्तू कितीही आवडो. आकडा विक्रेत्याला तोंडाने म्हणायला लावा, मशीन हातात घ्या, कागदी पावती निघाल्याशिवाय गठ्ठा बांधू देऊ नका. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातील दुकानांच्या व्यवहाराची मर्यादा दहा हजारांवर आणून ठेवा. हॉटेलचं बिल द्यायच्या वेळी ती दोन मिनिटांत वाढवता येते.