‘चिलीचं मॉस’ म्हणून रंगवलेला काथ्या: गुटी बांधायच्या आधी पिशवी फोडून बघा

कसबा बावड्यात आमच्या परड्यात आईनं लावलेलं कागदी लिंबू होतं. भावांची वाटणी झाली आणि नवी भिंत नेमकी त्या झाडावरनं जाणार असं ठरलं. दिवाळीनंतर झाड तोडायचं होतं. म्हणून मृग लागल्यावर मी त्याच्यावर २८ गुट्या (फांदीची साल काढून तिला झाडावरच मुळ्या फोडायच्या, मग कापून लावायची) बांधायला घेतल्या. बहिणींना, भाच्यांना, गारगोटीच्या मावशीला आईच्या झाडाचं एकेक रोप द्यायचं होतं.

घरात गुटीला गुंडाळायचं आदल्या वर्षीचं मॉस (वाळवलेलं शेवाळ) चार गुट्यांपुरतंच उरलेलं. बाकीचं एका झाडांच्या प्रदर्शनात घेतलं. विकणारा म्हणाला, “वैनी, चिलीचं मॉस हाय, पंधरा दिवसात मुळ्या बघा!” पाव किलोची पिशवी ३५० रुपयांना, अशा चार घेतल्या. १,४०० रुपये रोख दिले, बिल मागितलं नाही. लिंबाला मुळ्या यायला दीड-दोन महिने लागतात हे मला ठाऊक होतं, तरी त्याचं बोलणं ऐकून घेतलं. पिशवी हाताला गार आणि जड लागत होती. तिथंच शंका यायला हवी होती.

बांधण्यात कसर ठेवली नव्हती. पेन्सिलीएवढ्या फांदीची ३ सेंटिमीटर साल गोल काढली, खालचा बुळबुळीत थर सुरीनं खरवडला (तो राहिला तर साल पुन्हा जुळते), वरच्या काठाला आयबीएची (मुळ्या फुटायला मदत करणारी) पावडर लावली, भिजवून पिळलेलं मॉस दाबून बसवलं, वर प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीनं आवळली.

ऑगस्टच्या सुरुवातीला बघितलं. जुन्या मॉसच्या चारही गुट्यांत पांढऱ्या मुळ्या प्लास्टिकला टेकलेल्या. नव्या २४ पैकी एकीतही मूळ नाही. कुठं काठाला नुसती गाठ, बाकी ठिकाणी साल काळी पडून कुजलेली आणि पुढची पानं पिवळी. झाड तेच, हात तेच, पावडर तीच, पाऊसही तोच. त्या दिवशी मी झाडाखाली बसून रडले.

उरलेलं मूठभर पांढऱ्या वाटीत भिजवलं. पाणी हिरवट झालं, तळाला रेती बसली. धागा बोटांनी चोळला तर रंग उतरून खाली निव्वळ काथ्या. वजन वाढवायला पाणीही मारलेलं. शेजाऱ्यांकडचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं) आणलं: आमच्या नळाचं पाणी १६०, आणि हे पिळलेलं पाणी २,१००. नारळाची सोडणं किनाऱ्याकडं खाऱ्या पाण्यात कुजत घालतात. त्यातनं निघणारा काथ्या आणि भुसा (कोकोपीट) गोड्या पाण्यात नीट धुतला नाही तर क्षार तसेच राहतात, आणि कोवळ्या मुळ्या क्षारात जगत नाहीत. धुतलेलं कोकोपीट गुटीला चांगलं चालतं, मीही वापरते. पण काथ्या रंगवून मॉसच्या भावानं विकणं ही सरळ लूट आहे. पिशवीवरचा नंबर लावला, तो बंद.

खरं स्फॅग्नम मॉस कोरडं असताना फिकट, गवतासारख्या लांब मऊ धाग्यांचं आणि एकदम हलकं असतं. पाव किलो म्हणजे उशीएवढा ढीग. ते स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० पट पाणी धरतं, तरी आत हवा खेळती राहते, म्हणून तर त्याला एवढा भाव. माझ्या चारी पिशव्या मिळूनही एवढ्या भरल्या नव्हत्या. विकणारा पिशवी फोडू देत नसेल, चिमूटभर पाण्यात टाकून दाखवत नसेल, तर घेऊ नका. बिल मागा. आणि घेतलंच तर आधी दोन-चार गुट्यांवर बघा, सगळं झाड त्याच्या भरवशावर सोडू नका.

पेन्सिलीएवढ्या चांगल्या फांद्या आता सहाच उरल्या होत्या. त्यांना दोन दिवस पाणी बदलून धुतलेलं कोकोपीट बांधलं, तीन लागल्या. नोव्हेंबरात झाड तोडलं. सात रोपं पिशव्यांत आहेत. मावशीचं मी आधीच बाजूला काढून ठेवलंय.