युफोर्बिया मिली (क्राउन ऑफ थॉर्न्स), नऊ महिने गॅलरीत ठेवल्यावर

संक्रांत झाल्यावर नर्सरीतून हे झाड आणलं, लाल फुलांचं आणि अंगभर काट्यांचं. आता उन्हाळा आणि अख्खा पावसाळा बघून झालाय म्हणून सविस्तर लिहितेय. घ्यायचं कारण एकच, कबुतरं. पहिल्या मजल्यावरची गॅलरी, दरवर्षी कुंडीत घरटं, माती उकरलेली, शेवंतीची रोपं मोडलेली, म्हटलं कठड्यापाशी काहीतरी काटेरी ठेवून बघू.

तर या कुंडीत आणि तिला लागून असलेल्या दोन कुंड्यांत कबुतर एकदाही बसलं नाही. दुसऱ्या टोकाला येतात ती येतातच, त्यामुळे एका झाडाने सगळी गॅलरी सुटेल असं समजून घेऊ नका.

पण खरं सांगू का, सकाळी चहा घेऊन तिथे बसायला लागले आणि कबुतरं बाजूलाच राहिली, मी झाडच बघत बसते. नवीन शेंड्यावरचा काटा आधी मऊ असतो, बोट लावलं तरी टोचत नाही, मग काही दिवसांत टणक होतो. जोडीने येतात, पानाच्या देठाच्या दोन बाजूंना, कारण देठाच्या बुडाशी जी उपपर्णं असतात त्यांचेच हे काटे झालेत. शेजारी गुलाब आणि बोगनवेल आहे म्हणून फरक लगेच कळतो, गुलाबाचा काटा नुसता सालीचा, आडवा दाबला की टचकन निघतो, बोगनवेलीचा काटा म्हणजे फांदीच, तो असा निघत नाही. आणि मिलीचं पान गळलं तरी काटे तिथेच राहतात, खालच्या खोडावर पान एक नाही, नुसते काटे.

हे असं का ते एप्रिलमध्ये कळलं. बारा दिवस गावी गेलो होतो, पाणी घालायला कोणी नाही, आल्यावर बघते तर सगळी पानं कुंडीत पडलेली. मला वाटलं गेलं झाड, फार वाईट वाटलं. पण खोड दाबून पाहिलं तर घट्ट, भरलेलं. पाणी घातल्यावर आठवडा-दहा दिवसांत कोवळी पानं फुटली. हे मूळचं मादागास्करचं, कोरड्या दिवसात पानं टाकून द्यायची आणि खोडात साठवलेल्या पाण्यावर जगायचं, मग काट्यांचा पहारा त्या पाण्यावरच हवा ना! (मिली हे नाव रियुनियन बेटाचा गव्हर्नर मिलियस याच्यावरून आलंय, त्याने १८२१ च्या सुमारास हे झाड फ्रान्सला नेलं असं सांगतात.)

काट्यापेक्षा मला चीक जास्त भारी वाटतो. जूनमध्ये छाटणी केली तर कापल्या जागी लगेच पांढराशुभ्र चीक, थेंब थेंब पडतोय, मग थोड्या वेळात वाळून तिथे खपली, म्हणजे जखमही त्यानेच बंद केली. माझ्या मनगटाला लागला, धुवायला उशीर झाला आणि दोन दिवस लाल होऊन चुरचुरत होतं. आजोळी कुंपणाला शेर होता तेव्हा आजी ओरडायची, चिकाचा हात डोळ्याला लावू नका, तो शेर याच कुळातला. हातमोजे घालाच, आणि डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन सरळ डॉक्टर गाठा.

पावसाळ्यात गोगलगायी वर आल्या, झेंडू फस्त, पालक फस्त, मिलीच्या पानाला दात नाही लावला. ब्राझीलमध्ये या चिकाचा गोगलगायी मारण्यासाठी अभ्यास झालाय, ज्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया हा कृमींचा आजार पसरतो त्यांच्यासाठी, हे नंतर वाचलं तेव्हा उलगडा झाला. पिठ्या ढेकणाला मात्र ना काटा अडवतो ना चीक, ऑगस्टमध्ये काट्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला आणि तिथे ब्रश घालायचा म्हणजे कसरत, शेवटी कडुनिंबाचं तेल आणि साबणपाणी तीन वेळा फवारलं तेव्हा गेला.

फुलं जवळजवळ बाराही महिने. लाल दिसतात त्या पाकळ्या नाहीत, पॉइन्सेटियासारखी रंगीत पानं आहेत, खरं फूल मधे अगदी बारीक. पाणी कमी, ऊन भरपूर, मातीत निम्मी वाळू, बाकी काही लाड नाहीत. सततच्या पावसात ठेवू नका, माझी एक फांदी बुडातून कुजली.

छाटलेल्या फांद्या तीन दिवस सावलीत वाळवून लावल्या, पाचातल्या चार जगल्या. दोन मैत्रिणींना दिल्या. शेजारच्या काकूंनीही मागितली, पण त्यांचा नातू आता रांगायला लागलाय, म्हणून त्यांना सध्या नाही दिली.