एका स्टाफवर दोन व्हॉइस: लिलिपाँड काही महिने वापरल्यानंतर

गिटार आणि कीबोर्डच्या रचना लिहिण्यासाठी मी गेले काही महिने लिलिपाँड हे नोटेशन (संगीताचे लेखन) छापणारे सॉफ्टवेअर वापरत आहे. नोटेशनचे कोणतेही सॉफ्टवेअर पारखायचे असेल, तर एकाच स्टाफवरचे (पाच रेघांच्या पट्ट्यावरचे) दोन व्हॉइस, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन सुरावटी, जिथे एकमेकांवर येतात ती जागा आधी पाहावी, असे माझे मत झाले आहे. वरच्या व्हॉइसच्या नोटांच्या दांड्या वर, खालच्याच्या खाली, रेस्ट (शांततेची चिन्हे) आपापल्या बाजूला, इतपत बहुतेक सगळी सॉफ्टवेअर करतात.

खरी कसोटी दोन्ही व्हॉइस एकाच स्वरावर आले की लागते. दोन्हीकडे क्वार्टर नोट असेल, तर एका नोटहेडला (नोटेच्या गोल डोक्याला) दोन दांड्या दिल्या की भागते. पण एकीकडे हाफ (क्वार्टरच्या दुप्पट लांब, पोकळ डोक्याची) आणि दुसरीकडे क्वार्टर (भरीव डोक्याची) असेल, तर नोटहेड पोकळ ठेवा की भरीव, एका व्हॉइसची लांबी चुकीचीच वाचली जाणार. लिलिपाँड ही नोटहेड शेजारी-शेजारी मांडते आणि एकत्र करण्याची आज्ञा दिली तरी ही जोडी जुळवत नाही. हाफ आणि एट्थ (क्वार्टरच्या निम्मी) मात्र त्याच आज्ञेने एकत्र येतात, कारण एट्थची ओळख दांडीच्या शेपटावरून किंवा बीमवरून (नोटा जोडणाऱ्या जाड रेघेवरून) पटते. गिटारच्या लेखनात बासचा लांब स्वर हाच अनेकदा आर्पेजिओचा (एकेक करून वाजवलेल्या कॉर्डचा) पहिला स्वर असतो, त्यामुळे ही सोय सतत लागते. डॉट (लांबी दीडपट करणारा ठिपका) असलेल्या आणि नसलेल्या नोटांसाठी आज्ञा वेगळी आहे. आधीचे माझे सॉफ्टवेअर न विचारता सगळे एकत्र करून टाकी आणि छापील पानावर हाफ नोट होती, याचा मागमूसही उरत नसे.

एकाच दिशेच्या दांड्यांचे दोन व्हॉइस भिडले आणि कोणता सरकवायचा हे सांगितलेले नसेल, तर लिलिपाँड इशारा छापते. हे मला गुपचूप केलेल्या तडजोडीपेक्षा बरे वाटते. सगळे मजकुराच्या रूपात टाइप करावे लागते, तेव्हा माउसची सवय असलेल्यांना सुरुवात जड जाईल.

ऐकताना निराळीच अडचण येते. मिडीमध्ये (रचना ऐकवण्यासाठी वाद्यांना संदेश देणाऱ्या पद्धतीत) स्वर थांबवण्याच्या संदेशात चॅनल (संदेशाचा क्रमांकित मार्ग) आणि स्वराचा क्रमांक असतो, व्हॉइस नसतो. त्यामुळे दोन्ही व्हॉइस एकाच चॅनलवर असले, तर आखूड नोट संपताच लांब नोटही तुटू शकते. उपाय म्हणजे प्रत्येक व्हॉइसला स्वतंत्र चॅनल. चॅनल एकूण 16 असतात. एका पियानोला ते पुरतात, वाद्यवृंदाला नाही.