दोंडाईच्याकडच्या कॅम्पसचा रिव्ह्यू : चर्चच्या मुलींचा उन्हाळी कॅम्प इथे घ्यावा का?

आमच्या युवती संघाचा उन्हाळी कॅम्प यंदा मे महिन्यात दोंडाईच्याकडे एका भाड्याने मिळणाऱ्या कॅम्पसवर झाला, मुली तेरा ते अठरा वयाच्या, नवापूर, नंदुरबार, धुळे, जळगाव, भुसावळ अशा सगळीकडच्या, आणि तेव्हापासून दुसऱ्या मंडळ्यांमधल्या (म्हणजे चर्चमधल्या) ताया विचारतायत की जागा कशी आहे, जेवण कसं आहे, मुलींना घेऊन जावं का. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते. नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणसं मनाने चांगली आहेत, उगाच त्यांचं नुकसान नको.

थोडक्यात बोलायचं तर पाणी आणि बाथरूम एकदम मस्त, जेवण फर्स्ट क्लास, खोल्या ठीकठाक, त्यांचं थीमचं पॅकेज अजिबात घेऊ नका, आणि रात्री शेजारच्या लॉन्सचा डीजे म्हणजे डोक्याला ताप. पाचपैकी चार.

आता जागेचं. आमच्याकडे कॅम्प म्हटलं की कमिटीत पहिलं नाव निघतं तोरणमाळ. गार आहे, तलाव आहे, अकराशे मीटरच्या वर उंची आहे, सगळं मान्य, मला पण आवडतं. पण शहाद्याहून पुढे तो सगळा घाट, बसमधे निम्म्या मुली उलट्या करणार, आणि रात्री कोणाला ताप चढला किंवा पोटात दुखायला लागलं तर मोठा दवाखाना गाठेपर्यंत आपलाच जीव जायचा. मुलींच्या आया पण तेच विचारतात हो, निसर्ग किती सुंदर आहे ते कोणी विचारत नाही. हे कॅम्पस सुरत भुसावळ लाईनला जवळ आहे हा सगळ्यात मोठा फायदा. नवापूरच्या मुली तिकडून (तेच ते अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमधे असलेलं स्टेशन, मुली तिथे बाकड्यावर एक पाय या राज्यात एक पाय त्या राज्यात करून फोटो काढूनच गाडीत चढल्या), भुसावळ जळगाव अमळनेरच्या इकडून, आणि दोंडाईचा स्टेशनवर कॅम्पसची गाडी घ्यायला येते. गाडीचे पैसे वेगळे लावतात, ते आधी विचारून घ्या.

जागा बघायला जाल तेव्हा ते लोक तुम्हाला आधी हॉल दाखवतील. स्टेज, लाईटी, साऊंड, मागे एलईडी स्क्रीन. बघून घ्या, मान डोलवा आणि मग म्हणा भाऊ आता बाथरूम दाखवा. मुलींच्या कॅम्पला स्टेज नसलं तरी चालतं, सतरंजीवर बसून गाणी होतात, पण बाथरूमची कडी नीट लागत नसेल तर मुली पाणीच पीत नाहीत, लघवीला जायला नको म्हणून, आणि मे महिन्यात खान्देशात पाणी न पिणारी मुलगी म्हणजे दुपारपर्यंत चक्कर येऊन पडलेली मुलगी. इथे कड्या सगळ्या धड आहेत, आतून लाईट आहे, खिडकी उंचावर आहे, आणि प्रत्येक बाथरूममधे झाकणाचा डबा ठेवलाय आणि जुने पेपर पण. हे बघून मी निम्मं बुकिंग तिथेच केलं होतं मनात. सफाईवाल्या ताई सकाळ संध्याकाळ डबे रिकामे करतात, त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. पाळी काय कॅम्पचं टाईमटेबल बघून येत नाही, आणि या वयाच्या मुली लाजेने मरतील पण पॅड कुठे टाकू असं विचारणार नाहीत. पाणी बोअरचं आहे, जड आहे, केसांचा झाडू होतो, पण चोवीस तास येतं. प्यायला आरओ.

खोल्यांमधे एसी नाही, मोठे लोखंडी कूलर आहेत वाळ्याच्या ताट्या लावलेले. काही पालकांनी नाकं मुरडली, पण आमच्या भागातल्या कोरड्या उन्हाला कूलरच बरा, फक्त त्यात पाणी कोण भरणार हे ठरवून घ्या. आमच्या पहिल्या रात्री कोणीच भरलं नाही, सगळे कूलर कोरडे फिरत होते आणि खोलीत नुसती गरम हवा. मॅनेजरला सांगितल्यावर दुसऱ्या दिवसापासून माणूस नेमला. लाईट जाते, इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि ट्यूब चालतात, जनरेटर हॉलसाठीच. दुपारी बारा ते चार आम्ही बाहेरचं काहीच ठेवलं नव्हतं, वचन म्हणजे बायबलचा अभ्यास, क्राफ्ट, झोप, सगळं आतच. पारा पंचेचाळिशीला टेकतो तिथे दुपारी रिले रेस ठेवणाऱ्या कमिट्या मी पाहिल्यात, त्यांना नमस्कार. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, याचा एक मोठा कळसा कायम व्हरांड्यात भरून ठेवायला सांगितला होता, किचनवाल्यांनी न कंटाळता भरला.

आता थीम. इथे जरा डोकं फिरलं माझं. या कॅम्पसवाल्यांकडे शाळांच्या पिकनिकसाठी थीम पॅकेजं आहेत, जंगल, समुद्र, अंतराळ, आणि मुलींचा ग्रुप म्हटलं की ते न विचारता प्रिन्सेस काढतात. गुलाबी फुगे, गुलाबी पडदे, थर्माकोलचा राजवाडा, पुठ्ठ्याचे मुकुट, दारात फ्लेक्स. मॅनेजर म्हणाले मॅडम, एस्तेर राणी करा ना, तुमच्या बायबलमधे आहे ना, आमचं डेकोरेशन फिट बसेल. माणूस हुशार आहे, आधी आलेल्या कुठल्यातरी चर्चकडून ऐकलं असणार. पण एस्तेरची गोष्ट म्हणजे जीव मुठीत धरून राजासमोर गेलेल्या पोरीची गोष्ट, ती गुलाबी मुकुटात बसवली की मुलींच्या लक्षात फक्त फोटो राहतो. आणि पॅकेजचे पैसे ऐकले तर त्यात आमच्या निम्म्या मुलींची फी निघाली असती. शिवाय सॅम्पल म्हणून दाखवलेले फुगे वाऱ्याने पटापट फुटत होते आमच्यासमोरच.

आम्ही बायबलमधलं रूथचं पुस्तक घेतलं. अध्याय चारच, रोज एक, ओढाताण नाही. दुष्काळ पडला म्हणून गाव सोडून परमुलखात गेलेलं घर, तिथे घरातले पुरुष गेले, आणि सासू सून रिकाम्या हाताने परत आल्या. नंदुरबार जिल्ह्यातल्या कितीतरी मुलींच्या घरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमधे जातात आणि उन्हाळ्यात परततात, त्यांना मवाब कुठे आणि बेथलेहेम कुठे हे नकाशात दाखवावं लागलं, पण पोटासाठी गाव सोडणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. उलट एका मुलीनेच उठून सांगितलं की परत आल्यावर गावातले लोक कसे बघतात, आणि त्या गोष्टीतली सासू नामी म्हणते ना की मला आता नामी म्हणू नका मारा (म्हणजे कडू) म्हणा, ते तिला बरोबर कळलं. हॉल एकदम चिडीचूप.

थीमचं पॅकेज नको म्हटल्यावर मॅनेजरचा चेहरा पडला, पण कॅम्पसच्या मागे मालकांचं जुनं खळं आहे, शेणाने सारवलेलं, ते वापरू का असं विचारलं तर मालक स्वतः आले. म्हणाले ताई खळं कोणी मागितलंच नाही आजवर, लोक लॉन मागतात. त्यांनी दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा आणून चारी बाजूंनी उभा करून दिला, सुपं, टोपल्या, एक जुनी पाभर (पेरणीचं अवजार), कंदील दिले, आणि एक पैसा घेतला नाही. डेकोरेशन झालं आमचं! फक्त मधे एक छोटं कापडी बॅनर, ते मुलींनीच रंगवलं.

दुसऱ्या अध्यायाच्या दिवशी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, मालकांच्या गव्हाच्या थोड्या ओंब्या खळ्याच्या कडेने पसरून ठेवल्या आणि मुलींना रूथसारखा सरवा (कापणीत खाली पडलेलं धान्य) वेचायला सोडलं. कापणी करताना शेताच्या कडा सोडा, खाली पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं, हा बायबलमधला नियम आधी वाचून घेतला होता. आधी नुसता गोंधळ, मग पाखडायची वेळ आली आणि खरी मजा तिथे झाली. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली एक मुलगी, नखांना निळं नेलपॉलिश, तिने सूप दोन्ही हातांनी ताटासारखं धरलं आणि वर उडवलं, गहू सगळा बाहेर आणि भुसा आत. सगळ्या हसल्या. मग नवापूरकडच्या खेड्यातली एक, जी आल्यापासून कोणाशी बोलत नव्हती, ती पुढे झाली, तिच्या मागून हात घालून सुपाचा पुढचा भाग जरा खाली केला, मनगटाला दोन झटके दिले, भुसा पुढे उडाला आणि दाणे मागे सरकले. असं, म्हणाली. एवढंच. त्यानंतर ती त्या सकाळची मास्तरीण, सगळ्या तिच्यापुढे लाईन लावून. आम्ही मैत्री या विषयावर एक आख्खं सेशन प्लॅन केलं होतं पीपीटीसकट, ते रद्द केलं.

म्हणून म्हणते थीम निवडताना पॅकेजचा कॅटलॉग उघडू नका, त्या जागेत काय पडलंय ते आधी फिरून बघा.

जेवण. किचनच्या मावशी अहिराणी बोलतात आणि पानात कमी घेतलं की चिडतात, "इतलंच खास का व माय?" (एवढंच खातेस का गं बाई?) म्हणत अजून एक बट्टी टाकतात. वरण बट्टी अप्रतिम, तूप हात आखडून नाही. शेवभाजी मुलींना इतकी आवडली की परत करावी लागली, पण तिखट जहाल, जळगावच्या मुलींना पण घाम फुटला, तेव्हा बाहेरून कोणी पाहुणे आणणार असाल तर आधीच सांगून ठेवा. कळण्याची भाकरी आणि ठेचा सकाळी नाश्त्याला मागितला तर करून देतात, नाहीतर रोज पोहे. केळी भरपूर, ताक भरपूर. तेल जरा जास्त असतं सगळ्यातच. रविवारी भक्तीनंतर चिकन होतं, ते साधंच होतं, त्यात काही सांगण्यासारखं नाही.

आता तक्रार. मे महिना म्हणजे लग्नसराई आणि कॅम्पसला लागूनच लग्नाचं लॉन्स. हळदीचा डीजे सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरतात, इकडे आमची शेकोटीची प्रार्थना आणि साक्ष, तिकडे अख्खी वरात नाचतेय. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद पाहिजे, पण त्या दिवशी दहा वाजून गेले तरी चालूच. मॅनेजर म्हणाले आमचं काही चालत नाही. शेवटी पोलिसांच्या एकशे बाराला फोन लावला, मग थोड्या वेळाने बंद झालं. बुकिंगच्या वेळी ही गोष्ट त्यांनी सांगायला हवी होती, त्यांना लग्नाच्या तारखा तोंडपाठ असतात. एक स्टार तिथेच कापला मी. तुम्ही पंचांगात तिथी बघून दाट तारखा टाळा, पाळकसाहेब (आपले पास्टर) हसतील, हसू द्या.

दुसरी गोष्ट, पुरुष स्टाफ. आम्ही आधीच लेखी घेतलं होतं की संध्याकाळी सातनंतर मुलींच्या खोल्यांच्या बाजूला एकही पुरुष येणार नाही, कूलरचं पाणी पण त्याआधीच भरायचं, आणि रात्री बाई वॉचमन पाहिजे. त्यांनी पाळलं. बाई वॉचमनचे वेगळे पैसे आहेत, ते घासाघीस न करता द्या. कॅमेरे व्हरांड्यात आणि गेटवर आहेत, खोल्यांच्या बाजूला नाहीत, ते पण मी खुर्चीवर चढून बघितलं. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर आम्ही प्रत्येक मुलीच्या बॅजच्या मागे छापला होता. पालकांचा संमतीफॉर्म, औषधांची यादी, कोणाला दमा, कोणाला फिट येते, हे तुमचं तुम्ही करा, कॅम्पसवाले विचारत नाहीत.

रेट माणशी रोजचे साडेपाचशे लागले, राहणं आणि तीन वेळ जेवण धरून, चहा धरून. हॉलचं साऊंड वेगळं. अ‍ॅडव्हान्स दिल्यावर पावती मागून घ्या, आपणहून देत नाहीत, आणि मे साठी डिसेंबरमधेच फोन करा कारण नाताळानंतर शाळांची बुकिंगं सुरू होतात. खळं हवं असेल तर मॅनेजरशी बोलू नका, थेट मालकांना सांगा, आणि कडबा पावसाळ्याआधी गुरांना लागतो म्हणून वापरून झाल्यावर पेंढ्या बांधून परत द्या.