पाच लिटरचा आतल्या झाकणाचा कुकर: बोअरच्या पाण्यावर कितपत चालतो

लातूरकडची तुरीची डाळ, बोअरचं जड पाणी आणि चार-पाच माणसांचं घर. पाच लिटरचा, अॅल्युमिनियमचा, आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर मराठवाड्यात घ्यायचा तर तो याच कामावर तपासायला हवा. निकाल आधीच सांगतो: भांडं घेण्यासारखं आहे. तक्रारी निघतात त्या बहुतेक पाण्याच्या, रिंगच्या आणि शिट्ट्या मोजायच्या सवयीच्या.

कुकरचं सगळं गणित शिट्टीच्या वजनात आहे. घरगुती कुकरमध्ये वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोने जास्त झाला की वजन उचललं जातं. नळीचं भोक ३ मिलिमीटरचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ जेमतेम ०.०७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे ७० ग्रॅमची शिट्टी तेवढा दाब तोलून धरते. आता ४ मिलिमीटरच्या भोकासाठी बनवलेली, सव्वाशे ग्रॅमची शिट्टी याच नळीवर ठेवली तर ती पावणेदोन किलोच्या वर दाब गेल्याशिवाय हलणारच नाही. ‘कोणतीही शिट्टी चालते हो’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून म्हणूनच शिट्टी घेऊ नये. ज्या कंपनीचा कुकर, त्याच मॉडेलची शिट्टी.

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. तिथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि आच कितीही वाढवली तरी त्यापुढे तापत नाही. कुकरमध्ये तेच पाणी १२० अंशांच्या जवळ जातं. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणून पातेल्यात पाऊण तास घेणारी डाळ इथे दहा-बारा मिनिटांत उतरते.

शिट्ट्या मोजणं मात्र सोडावं. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या म्हणजे पाच वेळा वाफ, पाणी आणि गॅस बाहेर फेकणं. वर डाळीचा फेस नळीत चढतो तो वेगळाच. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी, नळीतून हलकी सूं-सूं येत राहील इतकीच, आणि तिथून मिनिटं मोजावीत. अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला आठ ते दहा मिनिटं, रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्याला पंधरा ते वीस. एक वाटी डाळीला तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि फेस बसावा म्हणून अर्धा चमचा तेल. डाळ थेट कुकरमध्ये लावली तर पाण्यासकट निम्म्याच्या वर भरू नये.

इतकं करूनही डाळ दाणेदार राहत असेल तर दोष बहुधा पाण्याचा. जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवणाऱ्या पदार्थाला, घट्ट बांधून ठेवतं, मग मिनिटं वाढवली तरी वरण नीट घोटलं जात नाही. भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरलं की फरक त्याच दिवशी दिसतो. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालावं. आंबटामुळे दाणा कडक राहतो. खायचा सोडा घातला तर डाळ मऊ होते खरी, पण ब १ जीवनसत्त्व जातं आणि चवही बिघडते.

याच पाण्याने अॅल्युमिनियम आतून काळं पडतं. डबे लावताना तळाच्या पाण्यात लिंबाची साल टाकली की काळेपणा कमी येतो, नळीत क्षारही कमी साचतात. कुकर लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतं का, ते रोज पाहावं. दिसत नसेल तर तार घालून साफ करावी. नळी तुंबली किंवा पाणी आटलं की सेफ्टी व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळून वाफेला वाट देतो. हा व्हॉल्व्ह एकदा उडाला की नवाच बसवायचा. खिळा ठोकून किंवा डाग देऊन भोक बुजवणाऱ्याकडे कुकर नेऊच नये.

आतल्या झाकणाची जमेची बाजू मोठी आहे. वाफ झाकणाला आतून काठावर दाबते, त्यामुळे दाब असेपर्यंत ते उघडत नाही. १८ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर पूर्ण दाबाला अडीचशे किलोहून जास्त जोर असतो. बाहेरच्या झाकणाचा कुकर घाईने पिळून उघडला तर झाकण का उडतं, ते यावरून कळावं. उणी बाजू म्हणजे तोंड अरुंद. रुंद डबे बसत नाहीत, झाकण तिरकं करून काढायची सवय लागते आणि घासताना काठाखाली हात नीट पोचत नाही.

शिट्टी होत नाही, कडेने वाफ जाते, तळाचं पाणी आटतं: रिंग गेली समजा. फ्रीजरमध्ये ठेवून ती एखाद-दुसरा दिवस चालते. कणीक लावून भागवणं हा जुगाड नकोच. धुतल्यावर रिंग काढून मोकळी ठेवावी, झाकणावर ताणलेली नको.

घेताना आयएसआयच्या चिन्हाखाली आयएस २३४७ हा आकडा बघा, आणि गावात रिंग, शिट्टी, व्हॉल्व्ह मिळतात का ते आधी विचारा. इंडक्शन वापरणाऱ्यांनी साधा अॅल्युमिनियमचा घेऊ नये, तो त्यावर तापतच नाही. त्यांनी जाड, सँडविच तळाचा (स्टीलच्या दोन थरांमध्ये अॅल्युमिनियम असलेला) स्टीलचा पाहावा; पातळ तळाच्या स्टीलला खिचडी हमखास लागते.