पाठीवर बॅग, ऐन जुलै: बोलोन्या की सिएना?

इटलीत उन्हाळ्यात एकट्याने फिरताना पहिला प्रश्न सावलीचा असतो, आणि तिथेच बोलोन्या जिंकते. या शहरात सुमारे 62 किलोमीटर लांबीचे पोर्तिको, म्हणजे कमानींचे झाकलेले पदपथ आहेत. 2021 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. दुपारी दोनलाही दहा किलोची बॅग घेऊन चालता येतं. सान लूकाच्या टेकडीवर जाणारी वाट तर 666 कमानींखालून चढते. चढ दमवतो, पण डोक्यावर छप्पर असतं. शिवाय जुनं विद्यापीठ असल्यामुळे एकटं जेवायला बसलेल्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. फ्लोरेन्सहून जलद गाडीने जेमतेम 40 मिनिटं.

सिएना टेकडीवर, स्टेशन खाली. सरकते जिने आहेत, तरी गावातले चढउतार चुकत नाहीत. शिंपल्यासारखा उतरता मुख्य चौक, पियात्सा देल काम्पो, दुपारी भट्टीसारखा तापतो. पण संध्याकाळी त्याच विटांवर बसून आकाश निळं-जांभळं होताना पाहावं! त्या तासासाठी मी सिएनाला पुन्हा जाईन. पालिओची घोडेशर्यत 2 जुलै आणि 16 ऑगस्टला असते. त्या दिवसांत खोली मिळणं अवघड आणि महाग.

शाकाहाऱ्यांना सिएनाच बरी: लसूण-टोमॅटोच्या रश्शातली पिची, म्हणजे जाड शेवयांसारखा पास्ता. बोलोन्याचा प्रसिद्ध रागू, म्हणजे पास्त्यावरचा रस्सा, मांसाचा.

मुक्काम बोलोन्यात तीन रात्री, सिएनात एकच. पण ती एक चुकवू नका.