जुनी फॉरेस्टर घरी दुरुस्त करताना: १४ महिन्यांचा अनुभव

गाडी सुबारू फॉरेस्टर, २००१ ची, पहिल्या पिढीतली. इंजिन २.५ लिटरचं, दोन्ही बाजूंना एकेक कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), गिअर पाच, मॅन्युअल, टर्बो नाही. घेतली तेव्हा मीटरवर २,१०,००० किलोमीटर होते, आता त्यात १८,००० ची भर पडली आहे. टायर, व्हील अलाइनमेंट आणि एकदा हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) मशीनिंग सोडलं तर या १४ महिन्यांत गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेली नाही. मी मेकॅनिक नाही. ऑफिसात बसून काम करतो, शनिवार-रविवार मोकळा असतो आणि ग्रीसने हात माखल्याचं वाईट वाटत नाही, एवढंच भांडवल.

सुबारू म्हणजे जपानीत कृत्तिका. बिल्ल्यावरच्या सहा चांदण्या त्याच. कृत्तिका डोळ्यांना चटकन दिसतात, पण या गाडीचे स्पार्क प्लग मात्र दिसत नाहीत. चार सिलिंडर दोन इकडे, दोन तिकडे असे आडवे झोपवलेले. १९६६ च्या सुबारू १००० पासून कंपनी ही मांडणी सोडायला तयार नाही. त्यामुळे समोरून बेल्ट, अल्टरनेटर, पुली सगळं कसं मोकळं, आणि बाजूला गेलात की हेड आणि चॅसी यांच्यामध्ये मनगट मावेल न मावेल अशी फट. प्लग त्या फटीत.

उजव्या बाजूसाठी एअर फिल्टरचा डबा काढायचा, डावीकडे बॅटरी आणि वायपरच्या पाण्याची बाटली. मग रॅचेटला एकच लांब एक्स्टेन्शन लावून चालत नाही, आखूड-आखूड तुकडे आत गेल्यावर एकमेकांत अडकवावे लागतात. नवा प्लग पान्याने कधीच सुरू करू नका. रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या शेंडीवर चढवा आणि नळी बोटांनी फिरवा. आटे बरोबर बसले नाहीत तर नळी आपोआप घसरते, हेडचे आटे वाचतात. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की शनिवार-रविवारच काय, महिना गेला. आणि इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय हात लावू नका. पहिल्यांदा मला अडीच तास लागले होते, आता पाऊण तास.

खरी परीक्षा टायमिंग बेल्टची, म्हणजे क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅम यांना जोडून फिरवणाऱ्या पट्ट्याची. गाडीबरोबर आलेल्या कागदांत बेल्ट कधी बदलला याची नोंद नव्हती, आणि या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. म्हणून गाडी आल्यावर पहिलं काम हेच घेतलं. रेडिएटरचे पंखे काढले की समोर भरपूर जागा होते. रेडिएटरच्या जाळीला पुठ्ठा लावून ठेवा, पाना एकदा तरी घसरतोच.

क्रँकच्या पुलीचा बोल्ट २२ मि.मी.चा. तो सुटला, कव्हरं निघाली आणि मी क्रँकच्या दातेरी चाकावरचा बाण बघून तो वर आणून ठेवला. दोन्ही कॅमच्या खुणा काही केल्या जुळेनात. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की बाण बघायचाच नसतो. चाकाच्या मागच्या बाजूला जी दातांसारखी कडी आहे, तिच्या एका दातावर एक बारीक रेघ असते, ती इंजिनाच्या खाचेसमोर आणायची. बाण पिस्टन वर आल्याची खूण आहे, रेघ बेल्ट बसवायची. रेघ जुळली की चारही पिस्टन मधोमध थांबतात, म्हणजे कॅम थोडा हलला तरी काही वाकत नाही. बनवणाऱ्याने केवढा विचार केलाय, आणि वर तो बाण ठेवून आमची केवढी परीक्षा पाहिली आहे! तेव्हापासून त्या रेघेवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका आहे. तिने तो रंग नंतर वापरला नाही.

टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग. त्यात मात्र चूक माझीच. त्याचा दांडा आत दाबून बारीक पिन अडकवायची असते. मी तो व्हाइसमध्ये आडवा धरला आणि एका दमात आवळला. आतलं सील गेलं, बाजूने तेल आलं. दुसरा आणावा लागला. तो उभा धरून, हँडल पाव फेरा फिरवायचं आणि थांबायचं असं करत चांगली पाच मिनिटं घेऊन दाबला. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, तेव्हा पंप, आयडलर (बेल्टला आधार देणाऱ्या मोकळ्या पुल्या), कॅमची सीलं एकदमच बदला. पंप जुनाच ठेवून वरून नवा बेल्ट चढवणं म्हणजे तेच काम पुन्हा करायची सोय.

ऑइल पंपही त्याच वेळी काढून बघा. मागच्या पत्र्याचे स्क्रू सैल होतात. माझे दोन स्क्रू बोटांनी फिरत होते.

बेल्टनंतर तीन आठवड्यांनी चढावर तापमानाचा काटा वर सरकला. या इंजिनाचं हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन यांच्यामधला गळती रोखणारा पातळ थर) हा जुन्या सुबारूवाल्यांचा नेहमीचा विषय, म्हणून मी लगेच गॅस्केट गेलं असं धरून चाललो. दोन शनिवार-रविवार त्यातच गेले. रेडिएटरच्या तोंडावर धरायची ती निळ्या द्रवाची नळी आणली. कूलंटमध्ये जळालेला वायू येत असेल तर द्रव पिवळा पडतो. माझा निळाच राहिला, तीन वेळा. मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारी झडप, काढला. बेल्टबरोबर मीच नवा टाकला होता, कुठल्याशा कंपनीचा, दिसायला मूळच्यापेक्षा बराच लहान. दोन्ही दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडले, शेजारी तापमापी. मूळचा ७८ अंशांच्या आसपास हलायला लागला आणि नव्वदीपर्यंत सताड उघडला. नवा ८८ ला जेमतेम किलकिला झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो. मूळ मापाचा थर्मोस्टॅट बसवल्यापासून काटा निम्म्याच्या खाली आहे, चढ असो की उन्हात गर्दीत थांबणं असो.

कूलंट भरताना घाई नको. वरचा होज रेडिएटरकडून सोडून इंजिनाच्या बाजूने हळूहळू ओतत राहिलं की आतली हवा बाहेर येते. मग रेडिएटरवरचा हवेचा स्क्रू. आत हवा राहिली तर हीटर गार वारा देतो आणि आपण पुन्हा गॅस्केटवर संशय घ्यायला मोकळे.

एक फजिती सांगतोच. ऑइल बदलायला मेव्हणा मदतीला आला होता. मी फिल्टर आणायला आत गेलो, तोवर त्याने गाडीखाली शिरून बोल्ट सोडला होता. भांड्यात पडणारं तेल मधासारखं दाट, आणि वास गंधकाचा. इंजिनाचं जुनं तेल काळं असतं, त्याला असा वास येत नाही. गिअरबॉक्स रिकामा झाला होता. या गाडीत गिअरबॉक्स आणि पुढचा डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा भाग) यांचं तेल एकच, तेही गेलं. वासाकडे लक्ष गेलं नसतं तर वरून इंजिनात आणखी चार लिटर ओतून आम्ही गाडी सुरू केली असती. ‘‘भाऊजी, बोल्ट सारखेच दिसतात हो,’’ म्हणाला. दिसतात खरे. इंजिनाचा पुढे, गिअरबॉक्सचा मागे. आता मागच्यावर पिवळा रंग मारला आहे.

नवव्या महिन्यात क्लच घसरायला लागला आणि डाव्या हेडच्या खालच्या कडेला तेलाचा ओलावाही दिसत होता. २२ वर्षांहून जुनं गॅस्केट, ओलावा येणारच. दोन्ही कामं एकत्र करायचं ठरवलं आणि इंजिन बाहेर काढलं. ऐकायला भीतिदायक, पण या गाडीचं सगळ्यात सोपं मोठं काम हेच आहे. एसीचा कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगचा पंप पाइप न सोडता बाजूला बांधून ठेवायचे, वरचा आधाराचा दांडा काढायचा, खालचे दोन नट, मग गिअरबॉक्सशी जोडणारे बोल्ट. इंजिन पुढे ओढून सरळ वर येतं. खालचे नट गंजलेले होते, त्यांच्यावर आदल्या दोन रात्री स्प्रे मारून ठेवला होता.

इंजिन स्टँडवर आल्यावर यादी वाढत जाते आणि ती वाढू द्यावी. मागच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण काढून धातूचं लावलं, क्रँकचं मागचं सील बदललं, गॅस्केट टर्बोच्या इंजिनाला येतं तसं अनेक थरांच्या स्टीलचं घातलं. हे गॅस्केट गुळगुळीत पृष्ठभाग मागतं, म्हणून हेड मशीनवर द्यावंच लागलं. हेडचे बोल्ट एकदाच कसून भागत नाही: कसा, पुन्हा कसा, सगळे सैल सोडा, परत कसा आणि शेवटी अंश मोजून फिरवा. फोन बंद ठेवून, कागदावर टिक करत केलं. दोन शनिवार-रविवार आणि एक सुट्टी.

आता मॉडिफिकेशन. खरं सांगायचं तर गाडी मी त्यासाठीच घेतली होती. पहिल्याच महिन्यात समान लांबीच्या नळ्यांचा एक्झॉस्ट हेडर लावला. सुबारूचा तो ओळखीचा गडगडाट दोन बाजूंच्या नळ्या कमी-जास्त लांबीच्या असल्यामुळे येतो हे वाचलं होतं, तरी लावला. गाडी शिलाई मशीनसारखी वाजायला लागली. ताकद वाढल्याचं मला तरी जाणवलं नाही. इंजिन काढलं तेव्हा मूळचा परत बसवला. त्याचं गंजून सुटलेलं उष्णतारोधक पत्र्याचं आवरण मोठ्या होज क्लिपने आवळलं आणि तो खुळखुळाटही गेला.

मागचा अँटीरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) मात्र ठेवला आहे. १७ चा काढून २० मि.मी.चा घातला. पिळाला दांड्याचा होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे तीन मिलिमीटरमध्ये जवळजवळ दुप्पट. वळणावर गाडी पूर्वी पुढून बाहेर ओढायची, ते कमी झालं. पण त्याच दिवशी मी बारच्या लिंक आणि मागचे बुशही (सांध्यांतली रबरं) बदलले होते, तेव्हा श्रेय कुणाचं किती हे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. माझा अंदाज, निम्मं बुशचं. २० वर्षांचं रबर काढलं की कुठलीही गाडी मॉडिफाय केल्यासारखी चालते.

शॉक ॲब्सॉर्बर बदलताना पुढच्या दोन बोल्टांतला वरचा बोल्ट कॅम्बरचा, म्हणजे चाकाचा कल ठरवणारा, असतो. सोडण्याआधी त्याच्या डोक्याभोवती खूण करा आणि फिरवायचा तो नट, बोल्ट नाही. मी एका बाजूला विसरलो, टायर एका कडेने झिजला. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत एकच नवा टायर चालत नाही, चारही सारखे झिजलेले लागतात, नाहीतर मधल्या डिफरन्शियलवर कायम ताण. एका खुणेच्या आळसापायी चार टायर घेतले.

लिटरला साडेनऊ-दहा किलोमीटर, त्याहून जास्तीची आशा नको. थंडीत सकाळी सुरू केल्यावर पिस्टनची टकटक येते, दोन मिनिटांत जाते, मी लक्ष देत नाही. काचेचे खांब बारीक असल्याने चहूबाजूंचं दिसतं, हे आजच्या गाड्यांत बसल्यावरच जाणवतं.

सध्या मागच्या डाव्या चाकातून ६० च्या पुढे घूं घूं येते. बेअरिंग आहे. ते दाबून बसवायला प्रेस लागतो, हातोडीने ठोकलं तर नवं बेअरिंगही महिन्याभरात आवाज करतं. प्रेस माझ्याकडे नाही. पुढच्या शनिवारी हब सुटा करून एखाद्या वर्कशॉपमध्ये नेणार आहे. गाडी स्टँडवरच राहील, तोवर ऑफिसला मेव्हण्याची स्कूटर.